वीसपर्यंत

तांदळाच्या डब्याखाली रेवाचं एक कार्ड सापडलं. पोस्टकार्डाएवढं, निळ्या शाईत, इंग्रजीत, कोपऱ्यात चारचा आकडा आणि त्याला गोल. त्यावर लिहिलं होतं, 'आमच्या घरात देव बासमतीच्या मागे राहतो. बेल वाजली की आई त्याच्या तोंडावर दार लावते.' माप हातात तसंच राहिलं. अक्षर काय सुंदर आहे मेलीचं! आधी तेच मनात आलं, मग मी ओट्याला टेकून उभी राहिले. पुन्हा वाचलं. तोंडावर म्हणे. असं कोणी लिहितं का? मी दार लावते, नाही म्हणत नाही. पण आधी हात जोडते, मग लावते. सोळा वर्षांच्या मुलीला यातला फरक कोण समजावणार? आणि हे कार्ड म्हणजे काही डायरीचं पान नव्हतं. गुरुवारी सकाळी तिच्या शाळेत, मुलींच्या विभागात, वादविवाद स्पर्धा होती. हे वाक्य ती माइकवर बोलणार होती, तीनशे बायका-मुलींपुढे, आणि पहिल्या रांगेत पाहुणी म्हणून बसणार होत्या आमच्या लॅबच्या मुख्य डॉक्टरीणबाई, ज्यांच्या सहीशिवाय माझी रजासुद्धा मंजूर होत नाही. माझ्या नवऱ्याच्या, सुशीलच्या, रिफायनरीत शटडाऊन चालू, बारा-बारा तासांची ड्युटी, घरी येऊन नुसता आडवा पडायचा. आमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, पुढच्या महिन्यात नवे व्हायचे होते. मी कार्ड होतं तिथे, तसंच डब्याखाली ठेवलं आणि तांदूळ धुवायला घेतले. चारदा धुतले बहुतेक.

आता खरं सांगायचं तर अरबी मुलखातल्या या यान्बूत अकरा वर्षांत आम्हाला कोणी एका शब्दाने विचारलेलं नाही. घरात काय करता ते तुमचं तुम्ही, बाहेर दाखवायचं नाही, एवढंच. हे कोणी मला बसवून सांगितलं नव्हतं. इथे आल्यावर हवेतूनच कळतं. गुहागरहून येताना आईने दिलेला बोटाएवढा पितळी गणपती मी स्वेटरच्या बाहीत घालून आणला, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे, त्याचं बस्तान बसवलं. उदबत्तीचा वास जिन्यात जाईल म्हणून बखूर जाळायला लागले. इथल्या घरोघरी तोच वास, कोणाला काय कळणार? माझा गणपती अकरा वर्षं अरबी धूप घेतोय आणि मला वाटतं आता त्यालाही तोच आवडत असेल. माझं तरी काय वेगळं झालंय? मी लॅबमध्ये बायकांचं रक्त काढते. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईने हात मागे घेतला होता, 'बिस्मिल्ला म्हण, मग टोच.' मी म्हटलं. तिची शीर लगेच सापडली, आणि जाताना ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, यातीक अल आफिया, म्हणजे देव तुला बळ देवो. त्या दिवसापासून सुई हातात आली की बिस्मिल्ला तोंडात येतं. सुट्टीत गावाला गेले तेव्हा नारळ फोडताना आलं, तर सासूबाई बघतच राहिल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. देवाचं नाव घेऊन सुई टोचावी यात वाईट काय आहे? वाईट वाटतं ते कपाटाच्या दाराचं, पण ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. आणि कार्टीने ते शाईने लिहून काढलं.

विषय तरी काय होता म्हणाल, तर अमेरिका. इथे बसून अमेरिकेचा वाद, कारण तो सगळ्यांनाच सोयीचा. 'धर्माचं स्वातंत्र्य हीच अमेरिकेची खरी ओळख आहे.' बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. रेवाला विषयाच्या बाजूची चिठ्ठी आली. म्हणजे मुसलमान माणूस तिथे रोजे ठेवून, डोक्यावर स्कार्फ बांधून, मशीद उभारून शंभर टक्के अमेरिकन असतो, हे तिने पटवून द्यायचं. आणि विरोधात कोण? वरच्या मजल्यावरची नाझनीन! मैमुनाची मुलगी. देशाला जुनी मुळं असतात, मागून आलेल्याने त्यांत मिसळून जायचं असतं, कायद्याने कोणी आपलं होत नाही, हे बोलायचं नाझनीनने. चिठ्ठी घेऊन आली तेव्हा पोरगी रडकुंडीला आली होती. तिची सख्खी मावशी रईसा न्यू जर्सीत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, स्कार्फ बांधते, आणि त्याच महिन्यात तिच्या गावात मशिदीच्या परवानगीवरून सभा गाजत होत्या. स्वतःच्या खालाच्या विरुद्ध कसं बोलू, म्हणून नाझनीन आमच्याच सोफ्यावर मुसमुसत होती. मैमुना तिला म्हणाली, 'रडतेस काय गो? चिठ्ठी निघाली ना? मग बोल. दुसऱ्याची बाजू नीट बोलता आली की आपली आपोआप येते.' हर्णैची आहे मैमुना. शाळा चौथीपर्यंत. कोर्टात वकील असती तर भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं असतं.

मैमुनाची आणि माझी ओळख कशी झाली तेही या दारापाशीच. आम्ही राहायला येऊन चार दिवस झाले होते, रेवा पाच वर्षांची, सुशील कामावर. मी कपाट उघडून निरांजन लावलं होतं आणि बेल वाजली. दोन लहान टिचक्या. माझी जी काही गाळण उडाली! फुंकर मारायचंही सुचलं नाही. पेटतं निरांजन तसंच गणपतीपुढे सरकवलं, कपाट धाडकन लावलं आणि दार उघडायला धावले. दारात ही. हातात झाकलेली ताटली, तांदळाची सांदणं. 'नवी माणसं आली म्हणून आले. तू कोकणातली ना? काल जिन्यात फोनवर बोलत होतीस.' मी तिला आत घेतलं, बस म्हटलं, बसली. आणि आतून वास यायला लागला. कपाटाच्या वरच्या फळीला आच लागली होती. मैमुनाने नाक वर केलं, माझ्याकडे पाहिलं, मग त्या कपाटाकडे पाहिलं, आणि उठलीच. 'काहीतरी करपतंय वाटतं तुझं. जा बघ. मी जाते, ताटली सावकाश दे.' दार ओढून घेऊन गेलीसुद्धा. मी कपाट उघडलं तर फळी खालून काळी पडली होती, आणि गणपती धुरात शांत बसला होता. तो डाग अजून आहे. मी दर दिवाळीला घासते, जात नाही. त्यानंतर अकरा वर्षं मैमुना रोजच्या रोज येते. बेल तीच, दोन टिचक्या. मी कपाट लावते, ओढणी सारखी करते, दार उघडते, तर ही आपली दाराकडे पाठ करून, भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलंय त्याच्यावरची अरबी सूचना वाचत उभी. मी कितीदा हसलेय, 'काय गं, परीक्षा आहे का त्याची? पाठ होईल आता!' ती म्हणायची, 'घाई कसली गो, गुडघे दुखतात, जरा उभी राहते.' चतुर्थीला मी मोदक करते, आणि वर पाठवताना कळ्या चिमटून टाकते, तांदळाच्या करंज्या म्हणून सांगते. हर्णैच्या बाईला! माझ्या अकलेची कमालच म्हणायची. ती ताटली परत करताना सांगायची, 'करंज्या मस्त झाल्या होत्या,' आणि त्यात शिरखुर्मा घालून द्यायची.

तर त्या आठवड्यात आमच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी अमेरिका भरायची. दोघी मुली समोरासमोर, मधे चिवड्याची वाटी. मी आत पोळ्या लाटत ऐकायची. नाझनीन विचारायची, 'शपथ कशावर हात ठेवून घेणार? आधी मुसलमान की आधी अमेरिकन?' रेवा म्हणायची, 'हा प्रश्न तुम्ही चर्चला जाणाऱ्याला विचारता का? मग मलाच का?' मला म्हणजे मुसलमानाला, हं! माझी मुलगी, जिला शुभं करोती धड येत नाही, ती असं छातीवर हात ठेवून मशिदीसाठी भांडत होती की माझी पोळी तव्यावर फुगून करपली तरी मला भान नव्हतं. कुठून आलं हे तिच्यात? मी तर आयुष्यात भाजीवाल्यावरही आवाज चढवलेला नाही. मंगळवारी रईसाने मैमुनाच्या फोनवर लांबलचक आवाजी निरोप पाठवला. आम्ही चौघींनी मिळून ऐकला. गावच्या सभागृहात ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं देतात, घड्याळ लावून, कोणी का असेना. एकेक जण उठून सांगत होता, आमचा इस्लामला विरोध नाही, आम्हाला फक्त गाड्या कुठे लावायच्या याची काळजी आहे. सतरा जण उठले आणि सतराही जण गाड्यांबद्दल बोलले. मग रईसा उठली. 'मी माइकवर म्हटलं, मी चौदा वर्षं तुमची औषधं बांधून देतेय. या खोलीतल्या निम्म्या लोकांचं ब्लडप्रेशर मला माहीत आहे, कोणाला झोप लागत नाही तेही माहीत आहे. मी आजवर कोणाचं कोणाला सांगितलं नाही. तुमचं मी सांभाळते ना? मग माझी नमाजही या गावात सांभाळली जावी, एवढंच मागते. गाड्यांचं बघून घेऊ.' रेवाने मधेच विचारलं, 'मग? जिंकले?' पुढे रईसाच सांगत होती, निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलला. पण दुसऱ्या दिवशी विरोधात बोललेला म्हातारा औषध घ्यायला आला, म्हणाला, छान बोललीस, माझं मत मात्र विरोधातच राहणार. आणि औषध घेऊन गेला. मला त्या बाईचं काय कौतुक वाटलं म्हणून सांगू! आणि त्या घड्याळाचंही. तीन मिनिटं. मला कोणी तीन मिनिटं दिली तर मी काय बोलेन? मी आत जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी विसळत राहिले, कारण मला माहीत होतं मी काय बोलेन, तीन मिनिटंही लागली नसती, दोन वाक्यं होती आणि ती दोन्ही डब्याखालच्या कार्डावर होती.

बुधवारी रेवा शाळेतून आली तेव्हा मी कार्ड टेबलावर मांडून बसले होते. 'हे बोलायचं नाही.' तिने दप्तर टाकलं. 'आई, इट्स माय स्पीच.' म्हटलं, 'स्पीच तुझं, कपाट माझं. समोर कोण बसणार आहे माहीत आहे ना? बाबांचा इकामा, माझी नोकरी, तुझी बारावी, काही विचार?' ती शांतपणे म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, जे ती फक्त फार चिडली की बोलते, 'मी रईसाखालाच्या मशिदीसाठी भांडायचं आणि आपला गणपती तांदळामागे. मग मी खोटीच ना?' 'जीभ फार चालायला लागली तुझी.' 'तुला भीती वाटते, आई. कोणी काही केलं नाही तरी वाटते.' 'हो वाटते!' मी ओरडलेच. 'वाटते भीती. पाच वर्षांची तू होतीस, परका देश, काळी पडलेली फळी पाहिलीस का कधी वाकून? तुला काय कळतंय!' हे सगळं बोलून झाल्यावर मला रडू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. 'गळ्याची शपथ आहे माझ्या, ते वाक्य काढ.' तिने कार्ड उचललं, खिशात घातलं, म्हणाली, 'बघते.' बघते म्हणजे काय, हो की नाही? तिच्या खोलीचं दार लागलं. तेही काही हात जोडून लावलेलं नव्हतं.

गुरुवारी मी हॉलमध्ये गेले तेव्हा मैमुनाने माझी जागा धरून ठेवली होती. आमच्या डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत, काळा अबाया, हातात कागद आणि पेन, खरोखरच लिहून घेत होत्या. आणि वर रेवा आली. तिची ती उंच वेणी, आणि हातात कार्डं. पहिलं झालं, दुसरं झालं. तिने रईसाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. ब्लडप्रेशरपाशी बायका हसल्या आणि नमाजपाशी गप्प झाल्या. मैमुना डोळे पुसत होती. तिसरं कार्ड मागे गेलं. चौथं वर आलं. मला इतक्या लांबून तो गोलातला चार दिसत होता की भास होता कोण जाणे. रेवाने कार्डाकडे पाहिलं, मग मान वर करून रांगांमधून मला शोधलं. सापडले मी. माझ्या मनात एकदा आलं की बोल, बोलून टाक एकदाचं, सुटू दे मला, आणि लगेच आलं, नको गं बाई. मग तिने ते कार्ड सगळ्यांच्या मागे घातलं. 'माझ्याकडे आणखी एक उदाहरण होतं,' ती इंग्रजीत म्हणाली, 'पण ते माझ्या एकटीचं नाही. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय मी ते वापरणार नाही. कारण तेसुद्धा स्वातंत्र्यच आहे.' आणि खाली बसली. टाळ्या पडल्या. माझे हात टाळीसाठी उठेनात. ही माझ्या पोटची? मला वाटलं होतं मी तिला वाचवतेय, आणि इथे तिनेच मला झाकून घेतलं होतं, कपाटाचं दार लावावं तसं, पण आधी हात जोडून.

मग नाझनीन उठली. बारीक आवाजाची पोर, पण त्या दिवशी खणखणीत. ती म्हणाली, 'माझी मैत्रीण सांगते की कायद्याने जागा मिळते. तिच्याच उदाहरणातल्या गावात कायदा होता. तरी सतरा माणसं गाड्यांमागे लपली. देशाची ओळख कागदावर नसते, माणसांच्या सवयींत असते. मी एका बाईला ओळखते. ती रोज तिच्या शेजारणीकडे जाते. बेल वाजवते, दाराकडे पाठ फिरवते आणि वीसपर्यंत आकडे मोजते. कधी आतून लवकर दार उघडेल असं वाटलं तर भिंतीवरचं काहीतरी वाचल्याचं सोंग करते. मी तिला विचारलं, का? ती म्हणाली, आतल्या माणसाला आपलं काहीतरी नीट झाकून ठेवायचं असतं. त्याला वेळ नको का द्यायला? हे तिला कोणत्या कायद्याने शिकवलं?'

मला आधी कळलंच नाही. मग भिंतीवरचं लाल नळकांडं डोळ्यांसमोर आलं. त्याच्यावरची ती अरबी अक्षरं, आणि मैमुनाची पाठ, निळ्या ओढणीतली, हिरव्या ओढणीतली, अकरा वर्षांची पाठ. गुडघे! मला म्हणे गुडघे दुखतात. मी शेजारी वळून पाहिलं तर मैमुना समोर नजर लावून ताठ बसली होती, कानाची पाळी लाल झालेली, आणि ओठ न हलवता पुटपुटली, 'ह्या पोरीला घरी गेल्यावर बघते मी.' मला तिचा हात धरायचा होता. धरला नाही. धरला असता तर मी तिथेच हंबरडा फोडला असता. रेवाला उत्तराला एक मिनिट होतं. ती उठली तेव्हा तिने आधी मैमुनाकडे पाहिलं; तिलाही कळलं होतं. 'अशा बाईला माझा सलाम आहे,' ती म्हणाली. 'तिच्याइतकं चांगलं माणूस मी पाहिलेलं नाही. पण आतल्या माणसाचं काय? त्याने रोज घाईघाईने का झाकायचं? आणि उद्या ती शेजारीण घर सोडून गेली तर? म्हणून ते कुठेतरी लिहून ठेवलेलं पाहिजे. अमेरिकेत ते रोज पाळतात असं मी म्हणत नाही. पण लिहिलेलं आहे, म्हणून ती फार्मासिस्ट बाई माइकसमोर उभी राहू शकली.' घंटा झाली. पहिला नंबर नाझनीनला मिळाला, अर्ध्या गुणाने. रेवाचं तोंड व्हॅनपर्यंत फुगलेलं. डॉक्टरीणबाई बाहेर पडताना माझ्यापाशी थांबल्या, 'तुझी मुलगी? माशाल्ला. मी दोघींची वाक्यं लिहून घेतली आहेत,' म्हणाल्या आणि गेल्या. एवढंच. मी ज्या क्षणाला आठवडाभर भीत होते तो असा चालत निघून गेला. परत येताना व्हॅनमध्ये मैमुनाने वाटभर सुरमईच्या भावाचं पुराण लावलं, माझ्याकडे एकदाही न बघता, आणि मी हं हं करत राहिले. त्या रात्री मी जेवले नाही. सुशील म्हणाला, 'बरं नाही का?' म्हटलं, 'बरं आहे रे. फार बरं आहे.'

शुक्रवारी दुपारी, अस्रची अजान होऊन गेल्यावर, मी कपाट उघडलं. तांदळाचा डबा खाली उतरवून ओट्यावर ठेवला, म्हणजे गणपतीला समोरची खिडकी दिसेल. निरांजन लावलं, काडी ओढताना सवयीने बिस्मिल्ला आलं तोंडात, येऊ दिलं. रेवा टेबलाशी गणितं करत बसली होती. आणि बेल वाजली, दोन लहान टिचक्या. माझा हात कपाटाच्या दारावर गेलासुद्धा. अकरा वर्षांचा हात तो, त्याला कोण थांबवणार? रेवाने पेन्सिल खाली ठेवली आणि नुसती बघत राहिली. मी हात काढून घेतला. दार तसंच उघडं ठेवलं, ज्योत तशीच ठेवली, आणि ओढणी न सावरता दिवाणखाना ओलांडून गेले, जवळजवळ धावतच, आणि कडी काढली. मैमुना पाठ करून उभी होती. हातात झाकलेली ताटली, मान नळकांड्याकडे वर केलेली, आणि ओठ हलत होते. दाराच्या आवाजाने ती इतकी दचकली की ताटली कलंडली. ती वळली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावरून आत, थेट स्वयंपाकघरापर्यंत.

'अगो,' ती म्हणाली, 'एवढ्यात कशी आलीस? अजून सातच झाले होते.'